नाववाले काका

आमच्या गल्लीला नाव नाही, नंबर आहे. सदरमध्ये बहुतेक गल्ल्यांचं तसंच. जबलपूरच्या लष्करी छावणीचा हा बाजार. ज्यांनी आखला त्यांनी शिपाई मोजावेत तशा गल्ल्या मोजल्या. पण आमच्या गल्लीला नाव नसलं तरी गल्लीत नाव आहे. बारा फूट लांब, फायबरची, वर पांढरी, खाली निळी. एका अंगणात पेरूच्या झाडाखाली दोन लाकडी घोड्यांवर पालथी घातलेली असते. तिच्या मालकांना सगळं सदर 'नाववाले काका' म्हणतं. त्यांचं खरं नाव विचारलंत तर पोस्टमनसुद्धा दोन मिनिटं विचार करतो.

काकांची ओळख आधी त्यांच्या बोटाशी होते. रंग दिलेली कुठलीही वस्तू दिसली की त्यांची उजवी तर्जनी आपोआप पुढे येते, वस्तूवरून वीतभर फिरते आणि मग डोळ्यांसमोर उजेडात धरली जाते. बोटाला पांढरट पूड लागलेली दिसली की काका हळू आवाजात म्हणतात, "खडू आला."

या खडूनं आमचं जगणं मुश्कील केलंय. माझ्या स्कूटरला खडू आला, दूधवाल्याच्या हेल्मेटला आला, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला आला. एका लग्नात नवरदेव मोटारीतून उतरायच्या आत काकांनी बॉनेटवर बोट फिरवलं आणि वधूपित्याला बाजूला घेऊन "खडू आहे" असं सांगितलं. मुलाला फिट्स येतात हे लपवलं गेलंय, अशा थाटात. वधूपित्याचा चेहरा पडला तो अक्षता पडेपर्यंत वर आला नाही. गणपतीत आरतीला सगळे टाळ्या वाजवत असतात तेव्हा काकांचा एक हात मखराच्या फायबरच्या खांबावर असतो. मोरया म्हणताना बोट बघून घेतात.

इथे एक घोटाळा होऊ देऊ नका. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक गुंडाळणारे, नव्या सोफ्यावरचं कव्हर दहा वर्षं न काढणारे, त्यांची जात निराळी. ते वस्तू राखतात. काकांना नवी वस्तू दाखवा, ते चहाचा घोट घेत "छान आहे" म्हणून दुसरीकडे बघतात. मेलेलं, विटलेलं, लोकांनी टाकून दिलेलं काही दाखवा, की माणूस कप खाली ठेवतो. "मेली नाहीये रे," ते म्हणतात. "झोपलीय. चमक मरत नसते." आणि बाही सरकवू लागतात. असा एक माणूस तुमच्याही घराण्यात असणार. तुमच्या घरी आला की पाच मिनिटांत स्वयंपाकघरात शिरून काळी पडलेली कढई बाहेर काढतो तोच.

या वेडाचं मूळ कुठे आहे ते काकांनी मला एकदाच सांगितलं. ते व्हीकल फॅक्टरीच्या पेंट शॉपातून निवृत्त झाले. इथल्या मराठी घरांत एक तरी माणूस फॅक्टरीत असायचाच. कुणी 1904 सालच्या गन कॅरेजमध्ये, कुणी खमरियाला दारूगोळ्यात, कुणी 1969 ला सुरू झालेल्या व्हीकलमध्ये. काकांच्या हातून गेल्या त्या जोंगा. नावावरून जपानी वाटते, आणि मूळ गाडी निस्सानचीच. पण 'जोंगा' हे नाव जबलपूरचं, 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' यातली अक्षरं जोडून झालेलं. सैन्यासाठी ती तीस वर्षं इथे बनली. तिचा रंग फौजी हिरवा आणि मॅट. मॅटच हवा. ऊन पडून पत्रा लकाकला की शत्रूला कोसावरून पत्ता लागणार.

"आमच्याकडे ट्यूबची परीक्षा होती," काका सांगतात. "गाडी ट्यूबलाइटखाली उभी करायची. पत्र्यात ट्यूब दिसली की गाडी नापास. धुरकट पट्टा दिसला तरी वाकडं तोंड. काहीच दिसायला नको. बत्तीस वर्षं मी चमक मारली रे. एवढा चांगला हात माझा, नि काम काय, तर हात दिसू नये हे."

निवृत्तीच्या निरोपसमारंभात त्यांना स्टीलचा डिनर सेट मिळाला. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि काकू म्हणतात की तिथून सगळं बिघडलं.

नाव आली ती लिलावातून. कुठल्याशा बंद पडलेल्या जलविहाराच्या भंगारात ती उन्हात उताणी पडली होती, आत पावसाचं पाणी, पाण्यात बेडूक. काका तिथे लोखंडी टेबल घ्यायला गेले होते. येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाव, नावेत काका उभे, अशी मिरवणूक पेंटीनाक्यावरून सदरमध्ये शिरली. पोरं मागे धावत होती: "बड्डे, कक्का नाव ले आए!" काकूंनी दारातून बघितलं आणि फक्त विचारलं, "टेबल कुठाय?"

पहिले आठ दिवस त्यांनी नुसती तपासणी केली. खिशातला एक रुपया काढून ते इंचाइंचावर वाजवत. टण् वाजलं की पुढे, भद् वाजलं की पेन्सिलीनं फुली. आतले काचेच्या धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटले की आवाज बसतो, हे त्यांचं शास्त्र, आणि ते खरं आहे. नर्मदेच्या वाळूतली कलिंगडं ते तशीच वाजवून घेतात आणि तिथेही चुकत नाहीत. तळाला चार-पाच फोड आले होते. काकांनी एक फोड सुईनं फोडला, आतलं पाणी बोटावर घेतलं, हुंगलं आणि मलाही हुंगायला लावलं. आंबूस वास, व्हिनेगरसारखा. वर्षानुवर्षं पाण्यात राहिली की पाणी कातडीतून आत झिरपतं, आतल्या रसायनाशी मिसळतं आणि फोड येतात. "बघ, नदीत राहूनसुद्धा पाणी बाधतं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी मोठं बोललोय आणि समोरच्याला कळलेलं नाही, अशी त्यांची खात्री होती.

कातडी म्हणजे जेलकोट. फायबरच्या नावेला आपण रंग म्हणतो तो रंग नसतोच. तो रंगीत रेझिनचा थर, साच्यात सगळ्यात आधी हाच देतात, त्यावर काचेचे धागे आणि पुन्हा रेझिन. थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. उन्हानं त्याचा वरचा पापुद्रा मरून खडू होतो, खाली मात्र तो शाबूत असतो. मेलेलं घासून काढायचं, जिवंत उघडं करायचं, त्याला चकाकी आणायची आणि मेणानं झाकायचं, एवढीच विद्या. पण घासाल तेवढा थर जातो, तो परत येत नाही. "हे आपलं एफडी आहे," काका बजावतात. "घासलं की मोडलं. व्याज मिळत नाही."

त्या उन्हाळ्यात मी त्यांच्या तावडीत सापडलो. कॉलेजची सुट्टी होती आणि माझ्या आईनं "रिकामाच आहे" असं त्यांना कुंपणावरून सांगितलं होतं. सकाळी सहाला हजर व्हायचं. आदल्या रात्री वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजत घातलेला असे, हरभऱ्यासारखा. आधी नाव धुवायची. मग जुनं मेण थिनरनं पुसायचं, कारण मेणावर घासलं तर घाण आतच घासली जाते. मग सहाशेचा कागद, मग आठशे, हजार, पंधराशे, दोन हजार. प्रत्येक कागदाचे ओरखडे पुढच्यानं पुसायचे. एकही पायरी गाळायची नाही. मी एकदा आठशेवरून थेट पंधराशेवर उडी मारली. काकांनी लांबूनच, पाठमोरे असताना, "हजार कुठे गेला?" असं विचारलं. आवाजावरून कळतं म्हणे.

आणि बोलणं सतत चालू. "पहिले धू, मग बोल." "घाई काहून करतो? नाव पळून चालली का?" "दोन फूट बाय दोन फूट. नजर त्याच्याबाहेर नेऊ नको, मन बसतं." हे शेवटचं मात्र खरं होतं. बारा फुटांच्या नावेकडे एकदम पाहिलं की हातातला कागद खाली ठेवून फौजेत भरती व्हावंसं वाटे.

पंधरा दिवसांनी बफिंगचं मशीन भाड्यानं आलं. काकांनी त्याला नमस्कार केला, मला चालवून दाखवलं आणि एकच गोष्ट दहा वेळा सांगितली: हात फिरता ठेव. एका जागी थांबलास तर उष्णतेनं जेलकोट जळतो. मी मान डोलावली. मग गल्लीतून कोणीतरी चाललं होतं. कोण ते आता सांगण्यात अर्थ नाही, तिचं लग्न झालं, ती भोपाळला असते. माझी मान वळली, हात थांबला. दोन सेकंद असतील. निळ्यावर रुपयाएवढा पिवळट डाग आणि एक जळका वास.

मला वाटलं आता आरडाओरडा होणार. काकांनी मशीनचं बटण बंद केलं. डाग बघितला, गल्लीच्या टोकाकडे बघितलं, पुन्हा डाग बघितला. कानावरची पेन्सिल काढून डागाभोवती गोल काढला, आत तारीख घातली आणि तारखेखाली माझं नाव लिहिलं. "नावेवर नाव लागलं तुझं," एवढंच बोलले. मग मशीन पुन्हा माझ्याच हातात दिलं. त्या वेळी मी ओशाळलो होतो. आज मुलांना गाडी शिकवताना कळतं की जळका डाग पडल्यावर लगेच मशीन परत त्याच हातात देणं काय चीज आहे.

मेण हा वेगळा अध्याय. काकांचं मेण ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरून येतं. कारनौबा. हे सांगताना ते ब्राझील असं म्हणतात की जसं काही कटनीच्या पुढचं स्टेशन. चांगल्या बूटपॉलिशातही हे मेण असतं, त्यामुळे सदरमध्ये या विद्येला मान आहे. छावणीत शेवटी सगळ्यांचंच आयुष्य पॉलिशवर चाललेलं. जवानांचे बूट, पट्ट्यांची बक्कलं, बँडची पितळी वाद्यं. काका मेण लावतात ते आजोबांच्या धोतराच्या तुकड्यानं; नवं कापड ओरखडे पाडतं, धुऊन धुऊन जीव गेलेलंच लागतं. त्यांच्या आजोबांची धोतरं संपली तेव्हा ते गल्लीतल्या इतरांच्या आजोबांकडे आशेनं बघू लागले. एका आजोबांनी तर धाकानं पायजमा सुरू केला.

मेण बसलं की परीक्षा. तांब्यानं पाणी टाकायचं. पाणी पसरलं तर नापास. मण्यांसारखं उभं राहून टपटप ओघळलं तर काका अंगणातली खुर्ची ओढून बसतात आणि तांब्यामागून तांब्या ओतत राहतात. नळाला पाणी येण्याच्या वेळी हा खेळ चालला की काकूंचा पारा चढतो.

काकूंनी सूड घेतला तो चैत्रात. नावेची पाठ गुळगुळीत, गरम आणि मांजर चढणार नाही इतकी निसरडी. काका बाहेर गेलेले पाहून त्यांनी तिच्यावर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. संध्याकाळी काका परतले, फाटकातच थबकले. आता महाभारत होणार म्हणून आम्ही कुंपणाशी जमलो. काका जवळ गेले, एका पापडीच्या कडेला नख लावलं. पापडी अलगद सुटून हातात आली. दुसरी, तिसरी, सगळ्या. एकही चिकटली नव्हती, एकीचाही तुकडा पडला नव्हता. काकांचे डोळे भरून आले. "अगं, साच्यातून नाव सुटावी म्हणून साच्याला मेणच लावतात," ते काकूंना सांगत होते, "आणि तू नावेलाच साचा केलास!" तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात काकूंचं एवढं कौतुक झालेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. पापड्या मात्र कुणी खाल्ल्या नाहीत. मेणाचा वास होता. गाईपुढे टाकल्या, तिनं हुंगल्या आणि मान फिरवली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी काका मला सदरच्या कॉफी हाउसात नेतात. तिथे ते कॉफीपेक्षा वेटरच्या डोक्याकडे बघतात. पांढरा फेटा, त्यावर खळ घालून ताठ उभा केलेला पंखा. "कापडाचा जेलकोट," ते म्हणतात. मग खिशातला रुमाल काढून स्टीलचा ग्लास पुसतात, प्यायच्या आधी नव्हे, पिऊन झाल्यावर. पुढच्या माणसासाठी.

आता तुम्ही म्हणाल, ही नाव पाण्यात कधी जाते की नाही? जाते. वर्षातून एकदा, नर्मदा जयंतीला, माघ शुद्ध सप्तमीला. लग्नाच्या गाद्या पिकअपमध्ये पसरायच्या, त्यावर नाव, तिच्यावर चादर, आणि ग्वारीघाटापर्यंत वीसच्या वेगानं. मागे सायकली हॉर्न वाजवत असतात. घाटावर लाकडी नावांची रांग, भडक रंगवलेल्या, बुडाला डांबर. त्या पलीकडच्या गुरुद्वाऱ्याकडे माणसं ने-आण करतात, दिवसभर एकमेकींवर आपटतात आणि कुणाला काही वाटत नाही. त्यांच्यामध्ये काकांची नाव उतरली की म्हातारे नावाडी बिडी काढून बघायला येतात. एकानं विचारलं होतं, "कक्का, जा नाव है कि आइना?" काकांना तो पद्मपुरस्कार वाटला. घरी येऊन त्यांनी काकूंना तो तीनदा ऐकवला.

नावेत बसायचे नियम कडक. चपला घाटावर. पँटच्या मागच्या खिशात किल्ली चालणार नाही. अंगठ्या काढून काकूंच्या बटव्यात. मग लाइफ जॅकेट, आणि तेही झिपची बाजू आत करून. ओळखीचा नावाडी वल्ही घेतो; काका पुढच्या टोकाला, तोंड मागे करून, पाण्याकडे पाठ. नदी बघत नाहीत. पाणी नावेच्या अंगाला कसं लागतंय ते बघतात.

दोन वर्षांपूर्वीच्या जयंतीला काय झालं ते सांगतो. घाटावर माणसांचा समुद्र. द्रोणांतले दिवे हजारोंनी सोडलेले, त्यांचं तेल पाण्यावर तरंगत होतं आणि काका कासावीस होऊन प्रत्येक द्रोण काठीनं बाजूला सारत होते, पण हळूच, कारण दिवा विझला तर पाप. आम्ही काठाला लागलो तेव्हा एक म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी होती. हातात पूजेचं ताट. नाव बघून तिला काय वाटलं कोण जाणे. एवढी लखलखीत, तिला मैयाचंच वाहन वाटलं असेल. तिनं ओल्या सिंदुरात अंगठा बुडवला आणि नावेच्या नाकावर, पांढऱ्यावर, टिळा काढला. ओघळ आला. मग हात जोडले, नावेला आणि नावेतल्या काकांना.

काकांच्या खिशात रुमाल होता. हात खिशात गेलेला मी पाहिला. पांढऱ्या जेलकोटवर सिंदूर, वर माघातलं ऊन, म्हणजे तासाभरात डाग कायमचा. हात खिशातच राहिला. म्हातारी गेली, गर्दी गेली, आम्ही नाव गाद्यांवर चढवली, तरी काकांनी टिळा पुसला नाही. घरी काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "पुसायचा कसा? आपण कोण?" आणि मग, न राहवून, "फार जाड लावला हो तिनं."

तेव्हापासून ते टिळ्याच्या भोवतीनं मेण लावतात. माझ्या डागाच्या भोवतीनं लावतात तसंच.

गेल्या पावसाळ्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं. दुसऱ्याचं डिसेंबरात आहे. डॉक्टरांनी धूळ, पाणी, वाकणं सगळं बंद केलंय. नाव ताडपत्रीखाली, आणि काका व्हरांड्यात, काळ्या चष्म्यात, हाताची बोटं एकमेकांवर घासत. शेवटी परवा रात्री नऊला फोन. "ये जरा. ट्यूब घेऊन उभा राहा."

घरात आता ट्यूबची परीक्षा उलटी आहे. नावेवर ट्यूबलाइट धरायची. तिची प्रतिमा वेडीवाकडी दिसली तर नापास, सरळ दिसली तर पास, आणि ट्यूबच्या टोकावर छापलेली अक्षरं नावेत वाचता आली तर पहिला वर्ग. मी ताडपत्री काढली, वायर लांबवली, ट्यूब धरली. चार महिने कुणी हात लावला नव्हता. निळ्यावर एक धुरकट पांढरी रेघ होती, बस. अक्षरं कुठली.

"दिसते?" काका व्हरांड्यातून.

"दिसते की. एकदम सरळ."

"अक्षरं?"

"वाचता येतात काका."

"काय लिहिलंय?"

मी कंपनीचं नाव वाचून दाखवलं, वॉटसकट.

थोडा वेळ काही आवाज नाही. मग खुर्ची सरकली. काळा चष्मा कपाळावर चढवून काका पायरी उतरून आले, आणि तर्जनी पुढे झाली.

"नावेत बघून वाचलं असतंस तर अडखळला असतास," ते म्हणाले. "अक्षरं उलटी दिसतात. तू वर बघून वाचलंस." बोट उजेडात धरून त्यांनी एक डोळा मिटला. "खडू आलाय. सकाळी सहाला ये. धोतर तुझ्या घरून आण."